बर्फाच्या वाटीत दोन देश

आपल्या रेडिओवर आज आम्ही एका गोड पदार्थाची गोष्ट घेऊन आलो आहोत. गोष्ट गोड आहे, पण तिच्या तळाशी थोडं कडूही आहे. शेवटपर्यंत ऐका.

झालं असं, की मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वह्या लिहून झाल्या, चहा आला. तेवढ्यात आमच्यातल्या एका मावशींच्या मोबाइलवर फोटो आला. त्यांची लेक दुबईत दवाखान्यात नर्स आहे. तिच्याबरोबर काम करणारी एक मैत्रीण फिलिपिन्स देशातली. तिच्या वाढदिवसाला दोघी हॉटेलात जेवायला गेल्या होत्या. हॉटेलही वेगळंच, अर्धं जपानी आणि अर्धं फिलिपिनो. फोटोत एका मोठ्या वाडग्यात रस्सा होता आणि त्यात लांबलचक शेवया. दुसऱ्या वाटीत भात आणि त्यावर मांसाचे तुकडे. आणि एका उंच काचेच्या पेल्यात बर्फाचा चुरा, खाली रंगीबेरंगी काहीतरी आणि वर जांभळा गोळा.

फोटो हातोहात फिरला. माळकरी बायांनी आधी विचारलं, त्या पेल्यात चालण्यासारखं काय आहे? एकीनं विचारलं, हा जांभळा रंग खाण्याचा की कपड्याचा? मग शाळेत इतिहास आवडीनं शिकलेली एक सून म्हणाली, "अहो, पण दुसऱ्या महायुद्धात जपाननं फिलिपिन्सवर राज्य केलं होतं ना? फार हाल केले होते म्हणे. मग हे दोघे एका टेबलावर कसे आले?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर कुणाकडेच नव्हतं. म्हणून आम्ही महिनाभर त्याच्या मागे लागलो. वाचलं, मोबाइलवर शोधलं, त्या नर्स लेकीला तिच्या मैत्रिणीकडून विचारून घ्यायला सांगितलं. जे हाती लागलं, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी पेल्यापासून सुरुवात करू. त्या पदार्थाचं नाव हालो-हालो. फिलिपिन्सच्या टागालोग भाषेत हालो म्हणजे मिसळणं. हालो-हालो म्हणजे सगळं कालवलेलं. आपल्याकडे जशी मिसळ, तशीच ही त्यांची गोड मिसळ. आत काय काय असतं ते ऐकून आम्हाला हसूच आलं. गोड पाकातले दाणे, कधी हरभरे, पिकलेला फणस, पाकातली केळी, साबुदाणा, नारळाचा किस, कोवळ्या भाताचे कांडून भाजलेले पोहे, वरून बर्फाचा चुरा आणि आटवलेलं दूध. सगळं आपल्याच घरातलं! आणि तो जांभळा गोळा म्हणजे उबे नावाच्या कंदाचा. हा उबे म्हणजे आपलं कोनफळ. कोकणातल्या बायांना ते नीट ठाऊक असेल. तो रंग कपड्याचा नाही, जमिनीतल्या कंदाचाच आहे.

आता हा पदार्थ कुणाचा? फिलिपिन्सचे लोक सांगतील, आमचा. आणि ते खरंच आहे. पण तिथले इतिहासकार सांगतात, की याची सुरुवात तिथे राहायला आलेल्या जपानी माणसांच्या दुकानांतून झाली. जपानात बर्फ किसून त्यावर गोड पाक घालून खायची जुनी पद्धत आहे. तिथे लाल दाणे पाकात शिजवून गोड पदार्थ करतात. फिलिपिन्समध्ये मूग मिळत होते. मग मूग पाकात शिजवायचे आणि वर किसलेला बर्फ घालायचा. मनिला शहरात कियापो भागातल्या किंटा बाजारात असे जपानी दुकानदार होते. साधारण १९२० ते १९४० या काळात त्यांच्याकडचे बर्फातले मूग लोक आवडीनं खात.

पण उष्ण देशात बर्फ आला कुठून? तेव्हा फिलिपिन्सवर अमेरिकेचं राज्य होतं. अमेरिकेनं १९०२ साली मनिलात बर्फाचा मोठा कारखाना उभा केला. म्हणजे बघा सख्यांनो, बर्फ अमेरिकेच्या कारखान्याचा, हात जपानी दुकानदाराचा, मूग, केळी आणि फणस तिथल्या मातीतले. एका वाटीत तीन देश आधीच जमले होते.

मग हे जपानी लोक तिथे कशाला गेले होते? आपल्याकडची माणसं जशी ऊसतोडीला जातात, मुंबईला गिरणीत जायची, तशीच ते कामाला गेले होते. १९०१ साली अमेरिकेनं डोंगरातल्या बागियो गावाकडे जाणारा अवघड घाटरस्ता बांधायला काढला. त्या कामावर देशोदेशीचे मजूर होते, त्यांत जपानी मजूरही मोठ्या संख्येनं होते. कडे कोसळून आणि रोगराईनं कितीतरी मजूर मेले. १९०५ मध्ये रस्ता झाला आणि काम संपलं. मग त्यातले काही जण दक्षिणेला दावाओ नावाच्या भागात गेले.

दावाओला अबाका नावाचं झाड पिकतं. ही केळीची बहीणच म्हणा. फळ खायचं नाही, खोडातला धागा काढायचा. त्याचा दोर समुद्राच्या खाऱ्या पाण्यातही लवकर कुजत नाही, म्हणून जहाजांना तो हवा असायचा. ओहता क्योसाबुरो नावाच्या जपानी व्यापाऱ्यानं १९०७ साली तिथे कंपनी काढली. मळे वाढले, जपानी शाळा झाल्या, दुकानं झाली. १९४० च्या आसपास दावाओमध्ये अठरा-वीस हजार जपानी लोक राहत होते. अनेकांनी तिथल्याच मुलींशी लग्नं केली. बागोबो नावाच्या आदिवासी समाजातल्या मुलीही त्यात होत्या. नवरा जपानी, बायको तिथली, मुलं दोन्ही भाषा बोलणारी.

आता तुम्हीच सांगा, अशा घरात चूल कुणाची? नवऱ्याला लागायच्या गव्हाच्या जाड शेवया, ज्यांना जपानात उदोन म्हणतात. दावाओच्या बाजारात आजही ओदोंग नावाच्या पिवळ्या शेवया मिळतात. नाव उदोनवरूनच आलं. पण शिजवायची पद्धत पूर्ण तिथली. डब्यातली तारली मासळी टोमॅटोच्या रश्श्यासकट कढईत टाकायची, त्यात घोसाळं चिरून घालायचं, पाणी घालायचं आणि शेवया शिजवायच्या. गरिबाघरचं, पाऊस पडत असताना खायचं जेवण. हॉटेलवाल्यांनी जपानी आणि फिलिपिनो चव एकत्र करायच्या कितीतरी आधी हे घराघरात झालं होतं. ते केलं त्या बायकांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

इथपर्यंत गोष्ट गोड होती. आता पुढचं ऐका.

८ डिसेंबर १९४१ ला जपाननं फिलिपिन्सवर बाँब टाकले. २ जानेवारी १९४२ ला मनिला शहर घेतलं. पुढची तीन वर्षं जपानी लष्कराचं राज्य. लष्करानं आपल्या नोटा छापल्या. त्यांची किंमत इतकी घसरली, की लोक त्यांना मिकी माउसच्या नोटा म्हणू लागले. पिशवी भरून पैसे न्यायचे आणि मूठभर धान्य आणायचं. भात मिळेना, म्हणून लोक रताळी आणि कंद खाऊन जगले. पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्यासारख्या बायांना हे लगेच समजेल. हातात नोटा असूनही लेकरं उपाशी, यासारखं दुःख नाही.

फेब्रुवारी १९४५ मध्ये अमेरिकेची फौज मनिला परत घ्यायला आली. महिनाभर लढाई चालली. जपानी सैनिकांनी नागरिकांच्या कत्तली केल्या, अमेरिकेच्या तोफांनीही शहर उद्ध्वस्त झालं. या एका लढाईत सुमारे एक लाख नागरिक मेले. एल्पिदियो किरिनो नावाच्या पुढाऱ्याची बायको आणि तीन मुलं त्यात मारली गेली. हेच किरिनो पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

आणि बायकांचं काय झालं? लष्करानं ठिकठिकाणी मुलींना पकडून कोंडून ठेवलं आणि सैनिकांच्या हवाली केलं. मारिया रोसा हेन्सन त्यातल्या एक. १९४३ साली त्या पंधरा वर्षांच्या होत्या. नऊ महिने त्या त्या नरकात होत्या. सुटल्यावर आईला सांगितलं. पुढे लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली. जवळजवळ पन्नास वर्षं त्या गप्प राहिल्या.

त्यांचं मौन कशानं सुटलं माहीत आहे? रेडिओनं. १९९२ साली रेडिओवर आवाहन झालं, की युद्धात ज्या बायकांवर असा अत्याचार झाला त्यांनी पुढे यावं, लाज तुमची नाही. लोला रोसा यांनी ते ऐकलं. लोला म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. त्या वर्षी त्या सगळ्या देशासमोर बोलल्या. फिलिपिन्समधल्या अशा उघडपणे बोलणाऱ्या त्या पहिल्या बाई. त्यांच्यामागून कितीतरी आज्या बोलल्या. १९९३ मध्ये जपान सरकारनं मान्य केलं, की या सगळ्यात लष्कराचा हात होता. पुढे जपानात निधी उभारून या बायकांना पैसे द्यायचं ठरलं. लोला रोसा यांनी ते घेतले. पण काही आज्यांनी नाकारले. त्या म्हणाल्या, वर्गणीतून गोळा केलेले पैसे नकोत, सरकारनं स्वतः भरपाई द्यावी. दोन्ही बाजूंच्या आज्यांना आपण काही बोलू शकत नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. लोला रोसा यांनी आपली कहाणी पुस्तकात लिहिली आणि १९९७ मध्ये त्या वारल्या.

दावाओच्या त्या घरांचं काय झालं, तेही सांगतो. युद्ध हरल्यावर तिथल्या जपानी माणसांना जपानला परत पाठवलं. बायका आणि मुलं मागे राहिली. लोकांचा राग त्या मुलांवर निघाला. त्यांनी काय केलं असतं बरं? कितींनी बापाचं आडनाव टाकलं, आईचं लावलं. घरातली कागदपत्रं जाळली किंवा पुरली. पुढे कित्येक जण म्हातारपणी बापाच्या देशात आपलं नाव लागावं म्हणून धडपडत राहिले, पण दाखवायला कागद नाही. सख्यांनो, सातबाऱ्यावर नाव नसलं की काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि किंटा बाजारातले ते बर्फातले मूग? जपानी दुकानदार गेले, मूग राहिले. तिथल्याच माणसांनी, बायकांनी ते विकायला घेतले. कुणी केळी वाढवली, कुणी साबुदाणा, कुणी कोनफळ. हळूहळू तो पदार्थ साऱ्या देशाचा झाला. कुठून आला ते बहुतेकांच्या ध्यानात राहिलं नाही. कदाचित त्या काळात ते आठवायची कुणाची इच्छाही नसेल.

मग दोन देश परत जवळ कसे आले? एक पाऊल किरिनो यांनी टाकलं. १९५३ साली राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी तुरुंगातल्या शंभरावर जपानी युद्धकैद्यांना माफी दिली. ज्या लष्करानं त्यांची बायको आणि तीन लेकरं मारली, त्याच लष्करातली माणसं. आपल्या उरलेल्या मुलांनी मनात वैर घेऊन जगू नये, असं त्यांना वाटत होतं. देशात सगळ्यांना ते पटलं असेल असं नाही. आमच्या गटातही यावर वाद झाला. एकीनं विचारलं, स्वतःच्या दुःखाची माफी त्यांनी द्यावी, पण दुसऱ्याच्या लेकीच्या दुःखाची माफी ते कशी देणार? या प्रश्नाचं उत्तर आम्हाला सापडलं नाही. तुम्हीही विचार करा.

दुसरं पाऊल बायकांनी टाकलं, पण ते गरजेपोटी. १९८० नंतर फिलिपिन्समधल्या हजारो मुली जपानला कामाला जाऊ लागल्या. कागदावर लिहिलेलं असायचं, गायिका, नर्तिका. प्रत्यक्षात अनेकींना दारूच्या बारमध्ये गिऱ्हाइकांशेजारी बसावं लागायचं. २००४ मध्ये एका वर्षात ८० हजारांवर फिलिपिनो कलाकार अशा परवान्यावर जपानमध्ये गेले, बहुतेक सगळ्या बायकाच. मग टीका झाली आणि २००५ पासून जपाननं नियम कडक केले.

त्याच काळात जपानच्या खेड्यांत वेगळी अडचण होती. मुली शहरात निघून जायच्या आणि शेतकरी मुलांना लग्नाला बायको मिळेना. ऐकल्यासारखं वाटतं ना? आपल्याकडेही आज हेच बोलणं आहे. उत्तरेकडच्या यामागाता प्रांतात १९८५ च्या सुमाराला काही गावांच्या पंचायतींनीच पुढाकार घेऊन फिलिपिन्सच्या मुलींशी लग्नं जुळवायला सुरुवात केली. उष्ण देशातली मुलगी बर्फाच्या गावात सून म्हणून आली. भाषा येईना, सासूबाईंच्या हातची चव येईना. तिनं तिथला स्वयंपाक शिकून घेतला. आणि कधीतरी, घरात कुणी नसताना, तिनं आपल्या आईच्या हातचं आदोबोही केलं असेल. आदोबो म्हणजे व्हिनेगर, लसूण आणि मिरी घालून शिजवलेलं मांस. फोटोतल्या भातावर तेच होतं.

२००८ मध्ये दोन्ही देशांतला करार लागू झाला आणि २००९ पासून फिलिपिन्सच्या नर्स आणि म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या मुली जपानला जाऊ लागल्या. त्यांना जपानी भाषेतच सरकारी परीक्षा द्यावी लागते, ती फार अवघड. आज जपानमध्ये तीन लाखांहून जास्त फिलिपिनो लोक राहतात, त्यात बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. जपान म्हाताऱ्यांचा देश होत चालला आहे. सुरुवातीच्या वर्षांत या मुली ज्या आजोबांना भरवत होत्या, आंघोळ घालत होत्या, त्यांच्यातले काही युद्ध पाहिलेल्या पिढीतले होते. लोला रोसा यांच्या नातीच्या वयाची मुलगी आणि त्या पिढीतले आजोबा. हे वाचलं तेव्हा आमच्या बैठकीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक ताई म्हणाली, "सेवा करणारीला विचारलंच कुठे कुणी?"

तर सख्यांनो, आमच्या त्या सूनबाईच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. हे दोघे एका टेबलावर कसे आले? राजेलोकांच्या तहानं आले नाहीत. रस्ता खोदणारे मजूर, अबाकाच्या मळ्यातल्या बायका, बर्फ विकणारे, बारमध्ये राबणाऱ्या मुली, बर्फाच्या गावातल्या सुना आणि म्हाताऱ्यांच्या उशाशी बसणाऱ्या नर्स यांनी हे टेबल मांडलं. हॉटेलवाल्यानं त्यावर फक्त पाटी लावली. आंबट चिंचेच्या फिलिपिनो रश्श्यात जपानी शेवया घालून तो आज नवीन पदार्थ म्हणून विकतो. विकू दे, पोटाचा धंदा आहे. पण नवीन काही नाही त्यात. दावाओच्या बाईनं ते शंभर वर्षांपूर्वी केलं होतं.

आणखी एक. एका ताटात जेवलं म्हणजे सगळं विसरलं, असं नाही. मनिलात लोला रोसा यांच्या सोबतच्या आज्या म्हाताऱ्या पायांनी जपानी वकिलातीसमोर निदर्शनं करत राहिल्या. त्याच शहरात लोक जपानी हॉटेलात रांगा लावतात. दोन्ही खरं आहे. जेवण जेवणाच्या जागी आणि न्याय न्यायाच्या जागी. गोड खाल्लं म्हणून कुणी हिशेब मिटला म्हणू नये आणि हिशेब बाकी आहे म्हणून कुणी शेजाऱ्याच्या हातचं नाकारू नये, असं आम्हाला वाटतं.

त्या नर्स लेकीनं मैत्रिणीला हे सगळं विचारलं, तेव्हा ती मैत्रीण आधी हसली म्हणे. म्हणाली, हालो-हालो जपानी लोकांकडून आलं हे मला माहीतच नव्हतं! मग थोड्या वेळानं म्हणाली, माझी आजी जपानचं नाव काढलं की उठून आत जायची. कारण मात्र तिनं कधी सांगितलं नाही. आजी आता नाही.

म्हणून आमची एक विनंती आहे. पुढच्या बैठकीत हप्ते झाले की अर्धा तास काढा. प्रत्येकीनं घरातला एक पदार्थ सांगायचा. तो कुणाकडून शिकला, ती कुठल्या गावची, कुठून कुठे आली होती, दुष्काळात आली की लग्नानं आली की धरणात गाव गेलं म्हणून आली. पदार्थ सांगता सांगता बाकीचं आपोआप निघतं. गटाच्या वहीच्या मागच्या पानांवर ते लिहून ठेवा, नावासकट. आमच्या गटानं सुरुवात केली आहे, पाच पानं झाली. पहिल्या पानावर सत्तरी पार केलेल्या आमच्या एका आजींनी सांगितलेली कोनफळाची भाजी आहे, आणि ती त्यांना शिकवणाऱ्या त्यांच्या आत्याचं नाव.

आणि गप्प बसलेली एखादी आजी तुमच्या घरात असेल, तर तिच्याजवळ रेडिओ जरा मोठा लावा.